ईझिंग्टन कोलिअरी: खाण गेली, गावात काय उरलंय? (बाबांना काय दाखवू?)

मृण्मयी_क

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडच्या ईशान्येला, काउंटी डरहॅममध्ये राहतो. जुलैमध्ये आई-बाबा येणार आहेत. बाबा घुग्घुसच्या खाणीतून निवृत्त झाले, सगळी हयात वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये गेली. लंडन, राजवाडा, जहाजातली सैर यांतलं काहीच त्यांना नकोय. फोनवर एकच पालुपद: "तिकडची खदान दाखव."

आता खदान कुठून आणू? ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण, यॉर्कशरची केलिंग्ली, डिसेंबर २०१५ मध्येच बंद झाली. आमच्याजवळचं खाणगाव म्हणजे ईझिंग्टन कोलिअरी. तिथली खाण १९९३ मध्ये बंद पडली. परवा पाहून आले. समुद्राकडेला हिरवीगार टेकडी, चालायच्या वाटा, आणि टेकडीवर कामगारांना खाली नेणारा लोखंडी पिंजरा स्मारक म्हणून उभा. बाकी सगळं गवत. बाबा तिथे उभे राहून विचारणार, "हे ठीक आहे, पण खदान कुठाय?"

इथे राहिलेल्यांनी, खाणीतलं कळणाऱ्यांनी सांगा: अशा गावात पाहण्यासारखं काय उरतं? हाती एकच दिवस आहे, कारण आईच्या गुडघ्यांना फार दगदग झेपत नाही.

---

जुईली

किती वेगळा विषय! वाचतेय. बाबांच्या हट्टाला सलाम.

---

टाइनकाठचा_मिलिंद

मृण्मयी, टेकडीवरून सुरुवात करू नकोस. गावातून कर.

ईझिंग्टन कोलिअरी हे गाव खाणीमुळेच वसलं. मूळचं ईझिंग्टन गाव वेगळं, जुनं चर्च असलेलं, थोडं आत चढावर आहे. खालचं गाव खाण कंपनीने बांधलं. खाणीचं खोदकाम १८९९ मध्ये सुरू झालं आणि पहिला कोळसा वर आला १९१० मध्ये. मधली वर्षं पाण्याशी झगडण्यात गेली. चुनखडीखाली पाण्याने भरलेली वाळू होती, त्यात खाणीत उतरायची उभी विहीर (शाफ्ट) खणली की ढासळायची. शेवटी नळ्यांतून थंडगार खारं पाणी फिरवून जमीनच गोठवली आणि त्या बर्फातून खाली गेले. बाबांना ही गोष्ट नक्की सांग, खाणवाल्याला यातली मेख लगेच कळेल.

आता गल्ल्या बघ. एकसारख्या विटांच्या लांबच लांब चाळी, आणि रस्त्यांची नावं अक्षरांच्या गटाने: एका भागात सगळी 'ए'ची, दुसऱ्यात 'बी'ची. शेजारच्या हॉर्डनमध्ये तर नुसते आकडेच होते, फर्स्ट स्ट्रीटपासून थर्टीन्थ स्ट्रीटपर्यंत. शेकड्याने घरं एकदम बांधायची, नावं शोधत कोण बसतंय?

पुढच्या दारी काही दिसणार नाही, मागच्या बोळात जा. प्रत्येक घराच्या मागच्या अंगणाच्या भिंतीत, कमरेच्या उंचीला, एक चौकोन दिसेल. वेगळ्या रंगाच्या विटांनी बुजवलेला, वरची दगडी पट्टी मात्र तशीच. ती कोळशाची खिडकी. खाणकामगाराला पगाराचा भाग म्हणून कोळसा मिळायचा. गाडी बोळात दारामागे ढीग ओतून जायची आणि घरच्यांनी तो फावड्याने त्या खिडकीतून आत टाकायचा. कुठे चौकोन विटांनी बुजवलेला, कुठे सिमेंट थापलेलं, कुठे अजून लाकडी झडप आहे. एक बोळ नीट चाललीस तरी अर्धं गाव कळेल.

शिवाय गावाच्या कडेला भाजीचे वाफे आणि कबुतरखाने आहेत. दिवसभर अंधारात काम केलेल्या माणसाला सुट्टीत उघडं आभाळ हवं असायचं. शर्यतीची कबुतरं आणि मोठाले लीक (कांद्याच्या जातीची भाजी) पिकवण्याच्या स्पर्धा, दोन्हींचं वेड इथे अजून आहे. म्हाताऱ्या कामगारांसाठी बांधलेली बैठी घरंही शोध, ती कामगारांनी स्वतः वर्गणी काढून बांधायला सुरुवात केली होती.

---

शेखर_लीड्स

मिलिंदचा प्रतिसाद सुंदर आहे, पण माझं मत वेगळं. ज्या माणसाने आयुष्यभर खाणीत काम केलं त्याला बुजवलेल्या खिडक्या दाखवून त्याचं समाधान होणार नाही. त्यांना वेकफिल्डजवळच्या कॅपहाउसला घेऊन जा. ती खरी खाण होती, १९८५ मध्ये बंद झाली, आता राष्ट्रीय कोळसा खाण संग्रहालय आहे. पिंजऱ्यातून १४० मीटर खाली उतरवतात. उतरण्याआधी आगपेटी, बॅटरीवर चालणारं घड्याळ, मोबाइल सगळं काढून ठेवावं लागतं, कारण नियम खाणीचेच लागू आहेत. हातात पितळी बिल्ला देतात. आम्हाला खाली फिरवणारे गृहस्थ स्वतः खाणीत काम केलेले होते. मध्येच त्यांनी सगळ्यांचे दिवे बंद करायला लावले. तसा काळोख मी कधीच पाहिला नव्हता.

तुमच्याकडून जायला दीड-दोन तास. आधी नोंदणी करून घ्या.

---

वणीकर

शेखरभाऊ, काळोखाचं तुम्हाला नवल, काकांना नाही. काका त्या गाइडलाच विचारतील की पिंजऱ्याच्या दोराची तपासणी कधी झाली ते दाखवा बाप्पा!

मी पण वेकोलिचाच (वेस्टर्न कोलफिल्ड्सचाच) माणूस आहे, ओव्हरमन होतो, म्हणजे खाली कामावर देखरेख करणारा. एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे भूमिगत खाणीला बाहेर पडायच्या दोन वेगळ्या वाटा लागतात, त्याशिवाय माणूस खाली पाठवता येत नाही. हा धडा जिथून आला ती जागा तुमच्यापासून फार दूर नाही. नॉर्थम्बरलंडमध्ये हार्टली. १६ जानेवारी १८६२ ला पाणी उपसणाऱ्या इंजिनाची प्रचंड बिडाची तुळई मोडली आणि थेट विहिरीत पडली. विहीर एकच. वाट बंद, हवा बंद. २०४ माणसं आणि पोरं गेली. त्याच वर्षी इंग्लंडात कायदा झाला की एका विहिरीवर खाण चालवायची नाही. न्यू हार्टली गावात त्या विहिरीच्या तोंडावर स्मृतिउद्यान आहे. काकांना हे नाव माहीत असणार, प्रशिक्षणात ऐकलेलं असतं.

आणि तो पितळी बिल्ला म्हणजे आपलं टोकन. किती माणसं खाली आहेत ते वर मोजायला.

---

मृण्मयी_क

@वणीकर काका, हार्टलीचं मी बाबांना आत्ताच फोनवर विचारलं. नाव घेताच म्हणाले, "दोनशे चार." मला काही सुचेना.

त्यांनी उलट प्रश्न पाठवलाय: ईझिंग्टनची खाण समुद्राखाली होती का? आणि तिथे मोठा अपघात झाला होता का?

@शेखर, कॅपहाउस लक्षात ठेवलंय. पण त्या दिवशी ईझिंग्टन जमणार नाही, दोन्हींतून निवडावं लागेल.

---

टाइनकाठचा_मिलिंद

हो, दोन्ही उत्तरं 'हो'. गावाच्या पूर्वेला लगेच कडा आणि खाली उत्तर समुद्र. कोळशाचे थर समुद्राच्या तळाखाली कित्येक मैल गेले होते. शेवटच्या काळात पिंजऱ्यातून उतरल्यावर प्रत्यक्ष कोळसा कापतात तिथपर्यंत पोचण्यातच पाळीचा बराच वेळ जायचा.

अपघात २९ मे १९५१ चा. पहाटे साडेचारनंतर, एक पाळी निघत होती आणि दुसरी पोचत होती, म्हणून दोन्ही पाळ्यांची माणसं सापडली. कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दात कठीण खनिजावर घासून ठिणगी उडाली, मिथेन पेटला आणि कोळशाच्या धुळीने तो भडका पुढे नेला. ८१ कामगार आणि त्यांना शोधायला गेलेले बचाव पथकातले २, एकूण ८३. गावच्या दफनभूमीत त्यांचं स्मृतिउद्यान आहे. तिथे जा. आडनावं वाचताना एका घरातली किती गेली ते लक्षात येतं.

---

वणीकर

कोळशाची धूळ. इथेच थांबून दोन शब्द लिहितो.

ईझिंग्टनपासून जवळच हॅसवेल आहे. तिथे २८ सप्टेंबर १८४४ ला स्फोटात ९५ माणसं गेली. सरकारने चौकशीला कोणाला पाठवलं माहीत आहे? मायकेल फॅरडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल. विजेवाला फॅरडे खाणीत उतरला! त्यांनी अहवालात लिहिलं की नुसता वायू नाही, धूळसुद्धा स्फोट वाढवते. पुढे कितीतरी वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. आपल्याकडे खाणीत भिंतींवर, तळावर पांढरी दगडाची भुकटी मारतात ना, स्टोन डस्टिंग, ती ह्याचसाठी. कोळशाची धूळ उडाली तर सोबत ही पण उडावी आणि आग पुढे जाऊ नये. मी नवीन असताना मला वाटायचं की ही नुसती तपासणीपुरती रंगसफेदी आहे. माझ्या सरदाराने (खाणीतल्या मुकादमाने) एक दिवस बसवून समजावलं.

हॅसवेलला जुन्या इंजिनघराची दगडी भिंत उभी आहे, स्मारक म्हणून ठेवलीय. मी फोटोतच पाहिली. काकांना तिथे नेच.

---

सागरगोटा

किनाऱ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. मी सीहॅमला राहते, ईझिंग्टनच्या उत्तरेला.

या किनाऱ्यावरच्या खाणींनी दगड-माती-कोळशाचा कचरा दशकानुदशकं थेट समुद्रात ओतला. वाळू काळी झाली होती, काठावर कचऱ्याचे उंच थर साचले होते. १९८८ मध्ये हॉर्डनचा किनारा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने विकत घेतला, तेव्हा तो त्यांच्या मोहिमेतला ५००वा मैल होता. सुंदर किनारे वाचवायच्या मोहिमेत मुद्दाम इतका खराब झालेला किनारा घेतला. मला त्या निर्णयाचं फार कौतुक वाटतं. मग १९९७ ते २००२ मध्ये सुमारे १ कोटी पौंड खर्चून मोठी सफाई झाली, आणि २००१ मध्ये या किनाऱ्याला हेरिटेज कोस्टचा दर्जा मिळाला.

पण सगळं गेलेलं नाही. हॉर्डन आणि ब्लॅकहॉलला कड्याखाली काळपट कचऱ्याचा थर अजून आहे, लाटा रोज थोडाथोडा खातात. पावसानंतर तिथल्या डबक्यांना नारिंगी-पिवळा रंग येतो. वर कड्यावर मात्र चुनखडीवरचं रानफुलांचं गवत आणि दुर्मीळ फुलपाखरं!

आणि सीहॅमची समुद्रकाच! इथे १८५३ ते १९२१ बाटल्यांचा मोठा कारखाना होता. उरलेली काच समुद्रात टाकायचे. शंभर वर्षांवर लाटांनी घासून ती गोल, धुरकट झाली आहे. हिरवे, पांढरे आणि नशीब असेल तर दोन-तीन रंग एकात असलेले खडे मिळतात. मृण्मयी, आईंना इथे बसव, बाबा कोळसा शोधतील आणि आई काच.

---

निशिगंधा

सागरगोटाशी मी पूर्ण सहमत नाही. सफाई हवी होती, मान्य. पण त्या नावाखाली सगळंच पुसलं गेलं. ईझिंग्टनच्या विहिरींवरचे लोखंडी मनोरे, ज्यांच्या चाकांवरून पिंजऱ्याचे दोर जायचे, ते पाडले. गावाच्या वेशीवर अर्धं चाक जमिनीत पुरून रंगवायचं आणि भोवती फुलझाडं लावायची, एवढ्यावर वारसा संपला. इथल्याच वॉशिंग्टन गावात एफ पिट या खाणीचं इंजिनघर आणि मनोरा राखला, ॲशिंग्टनजवळ वुडहॉर्नला राखले. मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं?

---

टाइनकाठचा_मिलिंद

निशिगंधा, तुमची कळकळ पोचली. पण १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप वर्षभर लढून हरलेलं गाव होतं ते. ऑगस्ट १९८४ मध्ये संप मोडणाऱ्या एका माणसाला कामावर पोचवण्यासाठी पोलिसांनी ईझिंग्टन अक्षरशः वेढलं होतं. पुढे नऊ वर्षांत खाण बंद. माझ्या शेजारी एक निवृत्त फिटर राहायचे. ते म्हणायचे, मनोरा रोज खिडकीतून दिसत राहिला असता तर मी वेडा झालो असतो. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या गृहस्थांना तो पाडल्याचा राग शेवटपर्यंत होता. गावातच दोन मतं होती.

---

निशिगंधा

हे मान्य. तरी राखायचं की पाडायचं हे गावाने ठरवायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं. आणि गावाला न विचारण्याची परंपरा इथे जुनी आहे. १९५१ च्या डरहॅमच्या विकास आराखड्यात ११४ गावं 'ड' वर्गात टाकली होती. खाण संपत आली, आता इथे नवीन घर नाही, नवीन पैसा नाही, गाव आपोआप विझू द्या. लोक मरेस्तोवर भांडले, म्हणून त्यातली बरीच गावं आज उभी आहेत. विटन पार्क त्यातलंच. ती उभी आहेत हासुद्धा वारसाच.

---

परळचा_पोऱ्या

हे वाचून गिरणगाव आठवलं. आमचा संप १९८२ चा, यांचा १९८४ चा. चिमणी राखली, भोवती मॉल. सोप्पा उपाय सगळीकडे एकच.

---

अजय_भूजल

जमिनीवरचं सगळं झालं, आता खालचं सांगतो. मी भूजलात काम करतो.

खाण चालू असते तेव्हा पंप चालू असतात. खाण बंद, पंप बंद, की पाणी सगळ्या बोगद्यांतून हळूहळू चढायला लागतं. त्यात विरघळलेलं लोह असतं, हवा लागली की गंजासारखा गाळ बसतो. डरहॅमच्या किनारपट्टीखाली चुनखडीचा जो थर आहे त्यातून पिण्याचं पाणी घेतात. खाणीचं पाणी तिथवर चढू नये म्हणून हॉर्डन आणि डॉडन इथे ते उपसून, लोह काढून समुद्रात सोडतात. हे काम थांबवता येत नाही. म्हणजे खाण बंद होऊन तीसेक वर्षं झाली तरी तिचा एक विभाग अजून पाळीवर आहे!

गंमत पुढे आहे. ते पाणी जमिनीच्या पोटातून येतं म्हणून बारा महिने कोमट असतं. डॉडनला १८ ते २० अंशांच्या आसपास. उष्णता पंपाने ती ऊब काढून घरं तापवायची, अशी योजना सीहॅमच्या नव्या वसाहतीसाठी आखली आहे. गेट्सहेडमध्ये तर २०२३ पासून बुडालेल्या खाणींच्या पाण्यावर इमारती गरम होतात. मृण्मयी, तुझ्या बाबांना मनोऱ्यापेक्षा यात जास्त रस वाटेल असा माझा अंदाज आहे. भारतातल्या बंद खाणींत पाणी आहेच की.

---

स्नेहल_डी

अजयदादा, खालचं म्हणालात म्हणून आठवलं. डरहॅमजवळ घर घेताना आमच्या वकिलांनी खाण-अहवाल मागवायचाच विसरला. शेवटच्या आठवड्यात बँकेने अडवलं, मग धावपळ. अहवालात घराखालून कोणत्या थरात, किती खोलवर कोळसा काढलाय आणि जवळपास जुनी विहीर आहे का ते सगळं येतं. आमच्या स्वयंपाकघराखाली चार वेगवेगळ्या थरांतून कोळसा काढलेला! इथे घर घेणाऱ्यांनी हा कागद पहिल्याच दिवशी मागा. ते नकाशे वाचायला बाबांना मजा येईल, जमल्यास आमच्या घरी घेऊन ये. चहा-पोहे माझ्याकडे.

---

जुईली

पोहे म्हणताच मीपण येते. :)

---

शेखर_लीड्स

इतकं वाचल्यावर कॅपहाउसचा आग्रह सोडत नाही, पण दुसऱ्या फेरीत ठेवा. एक महत्त्वाचं राहिलं: जुलैमध्ये येतायत ना? मग डरहॅम मायनर्स गाला चुकवू नका. जुलैचा दुसरा शनिवार, १८७१ पासूनची परंपरा. एकेका खाणीचे रेशमी, रंगवलेले निशाण घेऊन लोक पितळी वाद्यांच्या बँडमागे शहरातून चालतात. खाणी गेल्या तरी निशाणं येतात, नवीन निशाणंही बनतात आणि कथीड्रलमध्ये त्यांना आशीर्वाद दिला जातो. पूर्वी ज्या खाणीत वर्षभरात कोणी दगावलं असेल तिच्या निशाणावर काळं कापड असायचं. त्या दिवशी ईझिंग्टनचं निशाण शोधा. बाबा कुठल्या खाणीचे हे कोणाला सांगितलंत तर पुढचा तासभर ते तुमचे राहणार नाहीत.

---

मृण्मयी_क

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. फॅरडेपाशी थांबवून पुन्हा वाचायला लावलं. त्यांची फर्माईश आली आहे: गाला नक्की, आणि गावाच्या दिवशी पहिल्यांदा स्मृतिउद्यान, मग मागचा बोळ. टेकडीवरचा पिंजरा शेवटी, "तो तर मी रोजच पाहिला आहे." अजय, पाणी उपसण्याचं केंद्र बाहेरून तरी बघता येईल का, हे त्यांनी दोनदा विचारलं!

असा बेत ठरवतेय: सकाळी हॅसवेल, मग ईझिंग्टन, दुपारी सीहॅमला आईसाठी काच, संध्याकाळी स्नेहलकडे. हॉर्डन जमेल का? आईला उतार झेपेल?

---

सागरगोटा

हॉर्डनला कड्यावरून खाली जाणारी वाट उताराची आहे, आईंना नको. काळा थर बाबांना दाखवायचा असेल तर दोघांची चुकामूक न करता असं करा: आई आणि तू सीहॅमला थांबा, बाबांना जावईबापू घेऊन जातील. हॉर्डनचं रेल्वे स्थानक २०२० मध्ये पुन्हा सुरू झालंय, सीहॅमहून साधारण तासाला एक गाडी आहे आणि ती कड्याच्या कडेने, समुद्र बघत जाते. फक्त भरतीची वेळ आधी पाहा. काच काय, काळा थर काय, दोन्ही ओहोटीलाच नीट दिसतात. तारीख ठरली की इथे टाक, मी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढून देते.

---

अजय_भूजल

केंद्र कुंपणाबाहेरून दिसतं. आत जायचं तर आधी परवानगी लागते. व्यनि (खासगी निरोप) केलाय, बाबांनी खाणीत कोणत्या विभागात काम केलं ते कळव. अर्जात तेच लिहू.